‘लोन टू’ की ‘लोन फ्रॉम’? इंग्रजीतल्या सहा छोट्या शब्दांचा हिशोब



आज आपण इंग्रजीबद्दल बोलणार आहोत. थांबा, लगेच रेडिओचा कान पिरगाळू नका. इंग्रजीत भाषण करायला आम्ही काही शिकवणार नाही. गटाचे तक्ते, बँकेचे अर्ज, पासबुक, मोबाईलवरचे मेसेज यांमधून जी इंग्रजी रोज आपल्या दारात येते, तिच्यातले फक्त सहा छोटे शब्द आज घ्यायचे आहेत. टू, फ्रॉम, फॉर, ऑन, इन आणि ऑफ. दोन, तीन, फार तर चार अक्षरांचे शब्द. नजरेतून सहज निसटतात. पण भातातल्या खड्यासारखे आहेत. दाताखाली आल्यावरच कळतात.

एका बैठकीत हा विषय काढला तेव्हा एक आजी म्हणाल्या, “माय, हळद काय इंग्रजीत उगवती का? आमाला कामून शिकवता हे?” प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून आम्ही त्यांना एका गटाची घडलेली गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

सेनगाव तालुक्यातला हा गट. हळदीचं बेणं घ्यायला गटाला बँकेचं कर्ज हवं होतं. मे महिना चालू होता, रानं तयार होती. अर्जासोबत गटाच्या व्यवहाराचा एक पानी तक्ता जोडायचा होता आणि तो इंग्रजीत होता. त्यात एकाखाली एक दोन ओळी होत्या. वरची ‘लोन टू मेंबर्स’, खालची ‘लोन फ्रॉम बँक’. गटानं आपल्या बचतीतून सदस्यांना ४८,००० रुपये अंतर्गत कर्ज दिलेलं होतं. बँकेचं मात्र एक रुपयाही देणं नव्हतं. सचिव ताईंची मुलगी बारावीला होती. तिनं तक्ता भरला. ‘लोन’ म्हणजे कर्ज हे तिला ठाऊक होतं. तिनं ४८,००० हा आकडा लिहिला, पण ‘लोन फ्रॉम बँक’च्या समोर. वरची ओळ कोरी राहिली.

कागदावर काय झालं बघा. ज्या बायांनी कर्ज दिलं होतं, त्याच कर्ज घेतलेल्या झाल्या. फाईल अडली. आधीचं कर्ज कोणत्या बँकेचं, किती फेडलं, थकलंय का, असे प्रश्न आले. गटाला प्रश्नच कळेना, कारण असं कर्ज त्यांनी घेतलंच नव्हतं. घोळ उलगडायला तीन आठवडे गेले. तोवर मृग लागून गेला. लागवड काही कुणासाठी थांबत नाही. चौघींनी बाहेरून शेकडा तीन रुपयांनी पैसे उचलले आणि बेणं घेतलं.

त्यातली खरी बोच अशी, की तो तक्ता आम्ही तपासला होता. बेरजा पाहिल्या, सह्या पाहिल्या, शिक्का सरळ बसलाय का तेही पाहिलं. ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ यांच्यावर मात्र आमची नजर थांबली नाही. तेव्हा चूक त्या पोरीची नव्हती, आमची होती. म्हणून आजचा हा भाग.

नजर का निसटते?

आपल्या मराठीत असे शब्द सुटे उभे राहत नाहीत. ते नावाच्या शेवटी चिकटतात. ‘बँक’ हा शब्द घ्या. बँकेला, बँकेकडून, बँकेत, बँकेवर, बँकेसाठी. मूळ शब्दाचं रूपही थोडं बदलतं, ‘बँक’चं ‘बँके’ होतं. कानाला तो एकच शब्द वाटतो, त्यामुळे शेवटचा तुकडा चुकून सुटत नाही. शाळेत आपण त्यांना विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं म्हणायचो. इंग्रजीत मात्र नाव आहे तसंच राहतं आणि छोटा शब्द त्याच्या आधी सुटा उभा राहतो. ‘टू बँक’ म्हणजे बँकेला, ‘फ्रॉम बँक’ म्हणजे बँकेकडून. दोन्हीकडे ‘बँक’ तीच. आपली नजर मोठ्या शब्दावर जाते आणि छोटा शब्द गर्दीतल्या लेकरासारखा मागे राहून जातो.

दुसरं कारण शाळेतलं. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी आपल्यासारख्यांना ती पाचवीत भेटली. पण पहिलीत भेटो की पाचवीत, पाठ मात्र एकच झाला. ‘ऑन’ म्हणजे वर, ‘इन’ म्हणजे आत. पुस्तक टेबलावर, पेन खिशात. वस्तू कुठे ठेवली आहे हे सांगायचं असेल तर एवढं पुरतं. पण बँकेच्या कागदावर टेबल आणि पेन नसतात. तिथं मागणी असते, व्याज असतं, कारण असतं, हक्क असतो, तक्रार असते. मागणीच्या वर काय आणि आत काय? इथं शाळेचा पाठ संपतो.

छोटा शब्द कोण ठरवतं?

आजची मुख्य गोष्ट ही आहे. नीट ऐका. इंग्रजीत असा छोटा शब्द त्याच्या आधीचं नाव ठरवतं. प्रत्येक नाव आपला सोबती घेऊनच येतं. तो सोबती आपण मराठीवरून ठरवायला गेलो की फसतो.

उदाहरण आपल्या हळदीचंच घेऊ. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण म्हणतो, हळदीला मागणी आहे. इथं ‘ला’ हळदीला चिकटलाय. म्हणून इंग्रजीत लिहिताना आपलं लक्ष हळदीकडे जातं आणि ‘ला’ म्हणजे ‘टू’ असं समजून आपण ‘डिमांड टू टर्मरिक’ लिहितो. ते चूक आहे. इंग्रजीत हळदीकडे बघायचंच नाही, ‘डिमांड’कडे बघायचं. ‘डिमांड’चा सोबती ‘फॉर’. म्हणून ‘डिमांड फॉर टर्मरिक’. हळदीच्या जागी सोयाबीन आणा, पापड आणा, शेवया आणा, ‘फॉर’ हलणार नाही.

तुम्हाला वाटेल, ही इंग्रजांची खोड आहे. तसं नाही. आपली मराठीही हेच करते. आपण जन्मापासून ऐकत आलो म्हणून ते जाणवत नाही, एवढंच. विश्वास कुणा‘वर’ असतो. लग्न कुणा‘शी’ होतं. भीती कुणा‘ची’ वाटते. विश्वास काय डोक्यावर ठेवलेला हंडा आहे का, की ‘वर’ म्हणावं? पण म्हणतो. उद्या परमुलखातून आलेली एखादी बाई म्हणाली, “माझ्या मुलीचं लग्न मास्तरवर झालं,” तर आपण तोंडाला पदर लावून हसू. तिला ‘लग्न’ शब्द येत होता, त्याचा सोबती येत नव्हता. इंग्रजीत आपलं अगदी तसंच होतं. तेव्हा लाजायचं कारण नाही.

जिथं जुळतं आणि जिथं जुळत नाही

काही जोड्या मराठीशी जुळतात. त्या फुकट मिळालेल्या समजा. कर्जावर व्याज, ‘इंटरेस्ट ऑन लोन’. कर्जासाठी अर्ज, ‘ॲप्लिकेशन फॉर लोन’. दरात वाढ, ‘इन्क्रीज इन रेट’. गटाची सदस्य, ‘मेंबर ऑफ ग्रुप’.

बऱ्याच मात्र जुळत नाहीत आणि सगळ्यात जास्त फसवतात ते आपले चा, ची, चे. चा-ची-चे दिसलं की आपण डोळे मिटून ‘ऑफ’ लावतो. ‘शिवणकामाची आवड’ म्हणून ‘इंटरेस्ट ऑफ टेलरिंग’ लिहितो. बरोबर आहे ‘इंटरेस्ट इन टेलरिंग’. ‘शिवणकामाचं प्रशिक्षण’ म्हणजे ‘ट्रेनिंग इन टेलरिंग’. ‘प्रश्नाचं उत्तर’ म्हणजे ‘आन्सर टू क्वेश्चन’. ‘उशिराचं कारण’ म्हणजे ‘रीझन फॉर डिले’. गंमत अशी, की कारणासाठीच दुसरा इंग्रजी शब्द आहे ‘कॉज’, आणि त्याचा सोबती आहे ‘ऑफ’. म्हणजे ‘कॉज ऑफ डिले’. मराठीत दोन्हीकडे ‘चं कारण’च. तेव्हा अर्थावरून सोबती ओळखता येत नाही, तो शब्दावरूनच ठरतो.

पिकाच्या नुकसानीचंही असंच आहे. आपण एकच शब्द वापरतो, नुकसान. इंग्रजी कागदावर दोन शब्द दिसतात. ‘लॉस ऑफ क्रॉप’ म्हणजे पीक गेलंच, हातचं गेलं. ‘डॅमेज टू क्रॉप’ म्हणजे पिकाला इजा झाली, पीक खराब झालं. ‘लॉस’ला ‘ऑफ’, ‘डॅमेज’ला ‘टू’.

आपला ‘वर’ही फसवतो. ‘बँकेवर विश्वास’ म्हणजे ‘ट्रस्ट इन बँक’, ‘ऑन’ नाही. ‘पाणीटंचाईवर उपाय’ म्हणजे ‘सोल्यूशन टू’, इथंही ‘ऑन’ नाही. ‘शी’चंही तेच. मुलीचं लग्न कुणाशी झालं हे सांगताना ‘मॅरेज’चा सोबती ‘टू’ लागतो.

लक्षात कसं ठेवायचं?

आता तुम्ही म्हणाल, ताई, एवढे शब्द, एवढे सोबती, डोक्यात मावायचे कसे? त्यासाठी आम्ही चार घरं केली आहेत. हा काही पक्का नियम नाही, अपवाद निघतात. पण आपल्या कागदांवरचे बरेच शब्द या चार घरांत बसतात.

पहिलं घर ‘हवंय’चं. मनात काहीतरी हवं असतं तिथं बहुतेक ‘फॉर’ येतो. मागणी, ‘डिमांड फॉर’. गरज, ‘नीड फॉर’. विनंती, ‘रिक्वेस्ट फॉर’. अर्ज, ‘ॲप्लिकेशन फॉर’. मालाची ऑर्डर, ‘ऑर्डर फॉर’.

दुसरं घर ‘ओझ्या’चं. एखाद्या गोष्टीवर काहीतरी लादलं जातं तिथं ‘ऑन’ येतो. व्याज, ‘इंटरेस्ट ऑन’. कर, ‘टॅक्स ऑन’. बंदी, ‘बॅन ऑन’. परिणाम, ‘इफेक्ट ऑन’. जमिनीवरचा बोजा, ‘चार्ज ऑन लँड’. सातबाऱ्यावर आपणही बोजा ‘चढतो’च म्हणतो. म्हणजे हे घर आपल्या ओळखीचं आहे.

तिसरं घर चढ-उताराचं. वाढ, घट, बदल असले की ‘इन’. ‘इन्क्रीज इन’, ‘फॉल इन’, ‘चेंज इन’. दरात, पावसात, उत्पन्नात. इथंही आपला ‘त’ मदतीला येतो.

चौथं घर ‘जाऊन लागण्या’चं. उत्तर प्रश्नाला लागतं, उपाय अडचणीला लागतो, इजा पिकाला लागते. तिथं ‘टू’. ‘आन्सर टू’, ‘रिप्लाय टू’, ‘सोल्यूशन टू’, ‘डॅमेज टू’.

एक सापळाही सांगून ठेवतो. विनंती हे नाव असेल तर ‘फॉर’ हवा, ‘रिक्वेस्ट फॉर लोन’. पण विनंती करतो असं क्रियापद असेल तर ‘फॉर’ गळतो, ‘वुई रिक्वेस्ट अ लोन’. चर्चेचंही तसंच. ‘डिस्कशन अबाउट लोन’ बरोबर, पण ‘डिस्कस्ड अबाउट लोन’ चूक. ‘डिस्कस्ड द लोन’ एवढंच. इंग्रजीतल्या ठरावात हा ‘अबाउट’ फार वेळा घुसतो. सोबती नावाचा असतो, क्रिया आली की कधी कधी तो घरी राहतो.

खरी जोखीम: नाव एक, सोबती दोन

आतापर्यंत सांगितलेल्या चुका झाल्या तरी वाचणारा माणूस आपलं म्हणणं समजून घेतो. ‘डिमांड टू टर्मरिक’ लिहिलं म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. पण काही नावांना दोन-दोन सोबती असतात आणि सोबती बदलला की अर्थच उलटतो. त्या गटाचं झालं ते हेच.

आधी साधं उदाहरण. आपण म्हणतो ‘हळदीची पिशवी’. भरलेली असो की रिकामी, मराठीत हळदीचीच पिशवी. इंग्रजीत ‘बॅग ऑफ टर्मरिक’ म्हणजे हळदीनं भरलेली पिशवी आणि ‘बॅग फॉर टर्मरिक’ म्हणजे हळद भरायची रिकामी पिशवी. समजा कुणी शंभर ‘बॅग्ज फॉर टर्मरिक’ मागितल्या, तर त्याला शिवलेल्या पिशव्या हव्यात. आपण हळद भरून पाठवली तर वाहतुकीचा खर्च आपल्याच अंगावर.

आता ‘इंटरेस्ट’. हा शब्द आपल्याला व्याज म्हणून माहीत आहे. ‘इंटरेस्ट ऑन लोन’ म्हणजे कर्जावरचं व्याज. ‘इंटरेस्ट इन टेलरिंग’ म्हणजे शिवणकामाची आवड. पण मिळकतीच्या इंग्रजी कागदावर ‘इंटरेस्ट इन लँड’ असं येतं, तेव्हा तिथं व्याजही नाही आणि आवडही नाही. तिथं त्याचा अर्थ जमिनीतला हक्क, हिस्सा. ‘राइट, टायटल अँड इंटरेस्ट इन द लँड’ अशी ओळ असते. एखाद्या बहिणीला कुणी म्हणालं, “काही नाही ताई, इंटरेस्टचा कागद आहे, सही कर,” आणि तिनं व्याजाचं काहीतरी असेल म्हणून सही केली, तर ती आपला वाटा सोडून बसायची. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. तो हक्क सोडायचा की ठेवायचा हे त्या बहिणीनं ठरवायचं, पण समजून उमजून. ‘इंटरेस्ट’च्या पुढे ‘इन’ दिसला आणि त्याच्या पुढे जमीन, घर, मिळकत असा शब्द असला, तर पेन खाली ठेवा आणि जाणत्या माणसाकडून पूर्ण कागद वाचून घ्या.

तिसरा शब्द ‘रिसीट’. ‘रिसीट फॉर ५०० रुपीज’ म्हणजे पाचशे रुपयांची पावती, तो कागद. ‘रिसीट ऑफ लोन अमाउंट’ म्हणजे कर्जाची रक्कम मिळणं. कागदावर आम्ही ‘रिसीट ऑफ’ मान्य करतो असं लिहिलेलं असेल आणि खाली आपली सही असेल, तर पैसे मिळाले असं आपण लिहून दिलं. म्हणून आधी खातं बघा, रक्कम जमा झाली का ते बघा आणि मगच सही करा.

चौथा शब्द ‘कम्प्लेंट’. ‘कम्प्लेंट फ्रॉम ग्रुप’ म्हणजे गटाकडून आलेली तक्रार. ‘कम्प्लेंट अगेन्स्ट ग्रुप’ म्हणजे गटाविरुद्ध तक्रार. ‘क्लेम’चंही असंच. ‘क्लेम फॉर’ म्हणजे अमुक रकमेसाठी दावा. ‘क्लेम अगेन्स्ट’ म्हणजे अमक्याविरुद्ध दावा. एका शब्दानं फिर्यादी आरोपीच्या जागी उभा राहतो.

पाचवा मोबाईलवरचा. ‘पेमेंट फ्रॉम’ असं दिसलं आणि पुढे कुणाचं नाव असलं, तर त्याच्याकडून पैसे आले. ‘रिक्वेस्ट फ्रॉम’ असं दिसलं तर तो आपल्याकडे पैसे मागतोय. दोन्हीकडे ‘फ्रॉम’ आहे, पण आधीचं नाव वेगळं आहे. म्हणून नुसता छोटा शब्द वाचूनही चालत नाही. जोडी वाचावी लागते. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी.

आणि सहावा शब्द ‘लीन’. देवाच्या पायी लीन होणं वेगळं, हे लीन वेगळं. बँकेच्या भाषेत ‘लीन ऑन सेव्हिंग्ज अकाउंट’ म्हणजे बचत खात्यावर बँकेनं ठेवलेला ताबा. पैसे आपलेच, पण काढता येत नाहीत. हा शब्द आपल्या ओझ्याच्या घरातला, म्हणून ‘ऑन’. राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांबद्दल रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे, की दहा लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये, गटाच्या बचत खात्यावर लीन लावू नये आणि कर्ज मंजूर करताना ठेव ठेवायचा आग्रह धरू नये. तेव्हा कर्जाच्या कागदात ‘लीन ऑन’ दिसला, तर हे कशासाठी, असं आदरानं पण ठामपणे विचारा.

मराठीत मागायला लाजू नका

इथं कुणी म्हणेल, एवढा खटाटोप आम्हीच का करायचा? कागदच मराठीत द्या की. मैत्रिणींनो, हे म्हणणं रास्त आहे. खातं उघडायचे अर्ज, पैसे भरायच्या स्लिपा, पासबुक असं ग्राहकांसाठीचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्ही भाषांत असावं, असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. तेव्हा खिडकीशी गेल्यावर “मराठी अर्ज आहे का?” हा प्रश्न पहिला विचारा. कर्जाच्या कराराची प्रतही मागून घ्या, ती कर्जदाराला मिळायला हवी.

पण मराठी अर्ज संपलेले असतील, तक्ता संगणकातूनच इंग्रजीत निघत असेल, मोबाईलचा मेसेज इंग्रजीतच येत असेल, तेव्हा काय? तेव्हा हे सहा शब्द कामाला येतात.

बैठकीतली पाच मिनिटं

आता करायचं काय ते सांगतो. गटाच्या इतिवृत्त वहीचं शेवटचं पान मोकळं ठेवा. त्यावर शब्द लिहायचे, पण एकटे नाही, जोडीनं. नुसतं ‘डिमांड’ लिहायचं नाही, ‘डिमांड फॉर’ लिहायचं. नुसतं ‘डॅमेज’ नाही, ‘डॅमेज टू’. भांड्याची खरेदी करताना आपण झाकण बघून घेतो ना, तसं. समोर मराठी अर्थ पूर्ण लिहा. ‘लोन टू मेंबर्स’ समोर ‘गटानं सदस्यांना दिलेलं कर्ज’. ‘लोन फ्रॉम बँक’ समोर ‘गटानं बँकेकडून घेतलेलं कर्ज’.

जोड्या शोधायला पुस्तक विकत आणायची गरज नाही. पासबुकाच्या आतल्या पानावर, अर्जावर, विजेच्या बिलावर, खताच्या पोत्यावर त्या छापलेल्या आहेत. घरातल्या शाळकरी लेकराला कामाला लावा. त्याला ‘अर्थ काय’ एवढंच विचारू नका, ‘याच्या पुढे छोटा शब्द कोणता आलाय’ असंही विचारा. शब्दकोश असेल तर त्यात नावापुढे त्याचा सोबती बहुतेक वेळा वाक्यात दाखवलेला असतो.

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. कागद वाचणारीला मधेच थांबवायचं आणि विचारायचं, “कुणाकडून? कुणाला? कशावर?” हे तीन प्रश्न विचारले की वाचणारीला त्या छोट्या शब्दावर परत यावंच लागतं. सही करायच्या आधी प्रत्येक रकमेसमोर हे तीन प्रश्न व्हायलाच हवेत, अध्यक्ष घाईत असल्या तरी आणि गाडी सुटत असली तरी.

त्या सेनगावच्या गटाचं पुढे काय झालं, हे विचाराल तुम्ही. तक्ता दुरुस्त झाला, कर्ज मंजूर झालं. चौघींनी त्यातून आधी बाहेरचे पैसे फेडले. पण मधल्या काळाचं व्याज त्यांच्या खिशातून गेलं, ते परत आलं नाही. सचिव ताईंची मुलगी आजही गटाचे कागद भरते. मात्र आता ती आधी शिसपेन्सिल घेते, ‘लोन टू’च्या बाजूला ‘दिलं’ आणि ‘लोन फ्रॉम’च्या बाजूला ‘घेतलं’ असं बारीक लिहिते, ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवते आणि मगच पेन उचलते. आम्हीही तक्ता तपासताना आता बेरजेच्या आधी तीच ओळ बघतो.

आणि त्या आजी? त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजी देनं हाय का घेनं हाय, येवढंच बघायचं ना? ते तर आमी जल्मभर बघत आलो.” मैत्रिणींनो, खरंय त्यांचं. हिशोब आपल्याला येतोच. फक्त तो इंग्रजीत कुठे लिहिलेला असतो, ते आज कळलं.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातल्या एका कागदावरून एक जोडी शोधून आणा. दहा जणींच्या दहा जोड्या झाल्या की वहीचं पान भरायला लागेल. भेटू पुढच्या भागात. राम राम.